सशाला कॅमोमाईल, लॅव्हेंडर देताय? मग या चुका टाळा

दिवाळी जवळ आली की फटाक्यांना ससा घाबरेल म्हणून बरेच जण आधीच वाळलेली कॅमोमाईलची फुलं, लॅव्हेंडर, लेमन बाम (पुदिन्यासारखी, लिंबाच्या वासाची वनस्पती) मागवून ठेवतात, ससा शांत राहील म्हणून. द्या की, सशांना आवडतं ते. पण हे औषध नाही, खाऊ आहे, आणि सगळा घोळ इथंच होतो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे गप्प बसलेला ससा बघून "चला, शांत झाला" असं समजणं. ससा दुखणं लपवतो, कारण रानात आजारी दिसला की शिकारीच्या तोंडी जाणार. अंग आखडून कोपऱ्यात बसलाय, दात करकरा वाजवतोय, लेंड्या बारीक झाल्यात किंवा बंदच झाल्यात, तर पोट थांबलेलं असू शकतं. अशा वेळी अजून थोडं कॅमोमाईल घालून बघू, उद्या बघू असं अजिबात करू नका. सशाने 10-12 तास काही खाल्लं नाही तर ती इमर्जन्सी असते, तेव्हा ससे बघणाऱ्या डॉक्टरकडे लगेच न्यायचं, रात्र असली तरी. (उताणा धरला की निपचित पडतो ना, तेही शांत होणं नाही बरं का, ती भीती असते. व्हिडिओसाठी तर मुळीच करू नका, प्लीज.)

दुसरं, प्रमाण. वाळल्यावर पानातलं पाणी जातं आणि बाकीचं बरंचसं एकवटतं, त्यामुळे ताज्या पाल्याच्या अंदाजाने मूठभर टाकलं की लेंड्या मऊ होतात, आणि ससा गवत सोडून तेवढंच निवडून खायला लागतो. त्याचं मुख्य जेवण गवतच, साधारण 80 टक्के तरी. म्हणून चिमूटभरच, तेही गवतात मिसळून, आणि एका वेळी एकच नवीन प्रकार, म्हणजे पोट बिघडलं तर कशाने ते कळतं. लेंड्या मऊ झाल्या तर ते बंद करून फक्त गवत आणि पाणी, आणि पातळच झाल्या तर वाट न बघता डॉक्टर.

आणि विकत घेताना पाकीट नीट वाचा हो! टी बॅगमध्ये बऱ्याचदा ग्रीन टी, फ्लेवर वगैरे असतं, कपाटात ठेवायच्या लॅव्हेंडरला वरून सेंट मारलेला असतो, तसलं काही नको. इसेन्शियल ऑइल (वनस्पतींचं तीव्र सुगंधी तेल) तर पिंजऱ्याजवळही नको. माणसांची अश्वगंधा पावडरसुद्धा नको. घरी वाळवायचं तर पुदिना, कोथिंबीर सावलीत पसरा, पण पावसाळ्यात दमट राहिलं की बुरशी धरते, कुबट वास आला की सरळ फेकायचं. घरात हॅमस्टर असेल तर तो असा पाला गालात भरून नेऊन बिछान्यात साठवतो, तेव्हा तिथंही अधूनमधून हात घालून बघा.

गिनी पिग असेल तर वाळलेल्या पाल्यावर विसंबू नका, त्याचं शरीर क जीवनसत्त्व बनवत नाही आणि वाळलेल्यात ते फारसं उरत नाही, रोज ढोबळी मिरचीचा तुकडा हवाच.

गाभण मादीला हे काहीच देऊ नका. ऑपरेशन ठरलं असेल तर काय काय खायला घालताय ते डॉक्टरांना आधी सांगा, आणि कुत्र्या-मांजरासारखं सशाला रात्रभर उपाशी ठेवायचं नसतं, त्याला उलटी होतच नाही, रिकाम्या पोटी उलट आतडी मंदावतात.