बडोद्यात इतिहासात एम.ए. करायचंय? आधी कागद जुळवा

महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या कला शाखेत इतिहास विभाग वेगळा आणि पुरातत्त्व व प्राचीन इतिहास विभाग वेगळा. पेशवाई, गायकवाडी, इंग्रजी अंमल यांत रस असेल तर पहिला. उत्खनन, खापरं, नाणी यांत असेल तर दुसरा. अर्जात चुकीचा विभाग निवडणारे दरवर्षी निघतात, तेव्हा दोन्हींचा अभ्यासक्रम उघडून बघा.

अर्ज गुजरातच्या सामायिक प्रवेश पोर्टलवर, म्हणजे जीकॅसवर भरायचा. तीन वर्षांची पदवी असेल तर एम.ए. दोन वर्षांचं, नव्या शैक्षणिक धोरणानुसार चार वर्षांची पदवी घेतलेल्यांसाठी एका वर्षाच्या एम.ए.ची तरतूद आहे. बी.ए.ला मुख्य विषय इतिहास नसेल तर पात्रतेची अट आधी वाचा, पैसे नंतर भरा.

खरा घोळ नावाचा. गुजरातच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी येतं, इतर कागदांवर बहुधा शेवटी. त्यात वडिलांच्या नावाला एका कागदावर ‘राव’, दुसऱ्यावर ‘भाई’. अर्जात नाव गुणपत्रिकेप्रमाणेच लिहा आणि आधार, बँक खातं, शाळा सोडल्याचा दाखला यांवरचं नाव त्याच्याशी ताडून पाहा. दुरुस्तीला वेळ लागतो, म्हणून ती शेवटच्या सत्राच्या परीक्षेआधीच सुरू करा. गुणपत्रिकेवर टक्के नसून श्रेणीगुण असतील तर रूपांतराचं पत्रही विद्यापीठाकडून घ्या. दुसऱ्या विद्यापीठातून येणाऱ्यांना मायग्रेशन सर्टिफिकेट, म्हणजे आधीचं विद्यापीठ सोडल्याचा दाखला लागतो. तो अर्ज निकालाच्या दिवशीच टाकावा.

राखीव जागेबद्दल आपल्या लोकांचा एक गैरसमज पक्का आहे. महाराष्ट्रातला जातीचा दाखला इथे गुजरातच्या आरक्षणासाठी चालत नाही. इतर मागासवर्गाच्या (ओबीसी) जागेसाठी गुजरात सरकारच्या नमुन्यातलं नॉन-क्रीमी लेयर प्रमाणपत्र हवं. नेटला, म्हणजे प्राध्यापकी आणि संशोधनासाठीच्या राष्ट्रीय पात्रता परीक्षेला मात्र केंद्राच्या नमुन्यातलं लागतं. एकावर दोन्ही कामं होत नाहीत.

शिकवणं आणि परीक्षा इंग्रजीत. मराठी किंवा गुजराती माध्यमातून आलेल्यांनी सुट्टीत एखाद्या प्रकरणाचा इंग्रजीत दोन पानी सारांश लिहिण्याचा सराव करावा. नुसतं वाचून हात वळत नाही.

पीएच.डी.चा विचार असेल तर एम.ए.ला 55 टक्के सांभाळा (राखीव प्रवर्गांना 5 टक्क्यांची सवलत). 2024 पासून नेटचे गुण पीएच.डी. प्रवेशालाही धरतात. त्या वाटेने गेल्यास जेआरएफ (नेटमधून मिळणारी संशोधन शिष्यवृत्ती) नसलेल्यांच्या नेटच्या गुणांना 70 टक्के आणि मुलाखतीला 30 टक्के वजन असतं, आणि ते गुण एकच वर्ष चालतात. नेटचा पहिला पेपर 50 प्रश्नांचा, दुसरा 100 प्रश्नांचा, मिळून तीन तास. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न सोडू नका. इतिहासाचा विषय क्रमांक 06, पुरातत्त्वाचा 67.

मुलाखतीत नुसतं ‘सयाजीराव महाराजांचं कार्य’ म्हणून भागत नाही. कोणतं खातं, कोणती वर्षं, कोणते कागद, एवढं तरी सांगता आलं पाहिजे. बडोदे संस्थानचं दप्तर शहरातच, राज्य अभिलेखागारात आहे. त्यातलं जुनं बरंचसं मोडी लिपीत आहे. मराठी घरातल्या मुलांना भाषा येते, लिपी येत नाही. एम.ए.च्या पहिल्याच वर्षी मोडी शिकायला घ्या: आधी छापील वळणं, मग हस्तलिखित पत्रं, आणि शेवटी हिशेबाचे कागद, कारण त्यांतले आकडे आणि संक्षेप सर्वांत जास्त अडवतात.