टोंगिट्स खेळायला शिकताना

फिलिपिन्समधील टोंगिट्स हा रमीसारखा खेळ तिघांत, 52 पत्त्यांवर खेळला जातो. वाटणारा स्वतः 13 पत्ते घेतो, इतरांना 12 देतो आणि पहिला पत्ता तोच टाकतो. पुढे प्रत्येकाने गड्डीतून एक पत्ता उचलून एक टाकायचा. टाकलेला पत्ता मात्र हातातल्या पत्त्यांशी जुळून, उदाहरणार्थ बदामाची पंजी, छक्की, सत्ती असा संच होत असेल तरच उचलता येतो आणि तो संच लगेच खाली मांडावा लागतो. दुसऱ्याच्या संचाला आपला पत्ता जोडणे म्हणजे ‘सापाव’. त्याने आपला हात हलका होतोच, शिवाय ज्याच्या संचाला पत्ता जोडला त्या खेळाडूला पुढच्या पाळीत ‘ड्रॉ’ (म्हणजे हातात सर्वांत कमी गुण आपलेच आहेत असे मानून डाव थांबवण्याची हाक) पुकारता येत नाही, म्हणून बचावाचा हा सर्वांत धूर्त मार्ग म्हणावा लागेल. चित्रांचे प्रत्येकी 10 गुण भरतात, तेव्हा न जुळणारे राजा-राणी आधीच टाकावेत. हात रिकामा झाला की टोंगिट्स, म्हणजे डाव जिंकला.