बाहेरून वीज घेताय? या चुका टाळा

पारा पंचेचाळिशी ओलांडतो आणि मला दोन प्रकारचे फोन सुरू होतात. पहिला घरगुती: "भाऊ, कूलर-एसीचं बिल झेपत नाही, कंपनी बदलून द्या नं." बदलता येत नाही. टाटा की अदानी ही चैन मुंबईच्या उपनगरांत. नागपुरात घरच्या मीटरला महावितरणच. महाल, गांधीबाग, सिव्हिल लाइन्स भागात 2011 ते 2019 खासगी फ्रँचायझी होती, पण ती कोणी निवडली नव्हती आणि दर वीज नियामक आयोगाचाच होता.

दुसरा फोन हिंगणा, बुटीबोरी, कळमेश्वरच्या कारखानदारांचा. त्यांना खरंच निवड आहे. 2003 च्या विद्युत कायद्याने ओपन अ‍ॅक्सेस आणला, म्हणजे महावितरणच्याच तारांवरून दुसऱ्याची वीज घ्यायची मुभा, पण बरीच वर्षं तो 1 मेगावॅट आणि त्यावरच्या ग्राहकांचा खेळ होता. 2022 च्या नियमांनी हरित विजेसाठी ही मर्यादा 100 किलोवॅटवर आणली आणि छोटे युनिटवालेही रांगेत आले. रांग वाढली, चुका त्याच राहिल्या.

सगळ्यात जुनी चूक म्हणजे कोटेशनवरचा आकडा. "साडेतीन रुपयांना युनिट देतो म्हणतो साहेब!" कुठे देतो? प्रकल्पाच्या फाटकावर. तिथून तुमच्या मीटरपर्यंत पारेषण आकार (मोठ्या वाहिन्यांचं भाडं), व्हीलिंग आकार (वितरणाच्या तारांचं भाडं), क्रॉस सबसिडी अधिभार (स्वस्त वीज मिळणाऱ्या ग्राहकांचा भार उचलण्यासाठी), अतिरिक्त अधिभार (महावितरणने आधीच करार केलेल्या विजेच्या खर्चापोटी), वीज शुल्क. शिवाय वाटेतली गळती: तिकडे शंभर युनिट टाकले तर इकडे शंभर हिशेबात धरत नाहीत. साडेतीनचा भाव दारात येईपर्यंत जवळजवळ दुप्पट झालेला मी पाहिला आहे. दलाल खोटं बोलत नाही, तो फक्त अर्धंच बोलतो.

इथे हमखास नागपूरजवळच्या कोराडी औष्णिक वीज केंद्राचा मुद्दा निघतो. "राख आमच्या अंगणात पडते, मग वाहतूक खर्च कायले?" राग रास्त आहे, हिशेब चुकीचा. राज्यातला पारेषण आकार अंतरावर ठरत नाही. पोस्टाच्या तिकिटासारखं आहे ते, पत्र कामठीला जावो की कोल्हापूरला. व्हीलिंगचा आकारही किलोमीटरवर नाही, तुमची जोडणी किती व्होल्टेजच्या पातळीवर आहे, यावर ठरतो. त्यामुळे "प्रकल्प जवळचा आहे" म्हणून कोणी जास्त भाव मागत असेल, तर चहा पाजून वाटेला लावा.

आणखी एक ओळ विदर्भातली माणसं विसरतात. उद्योगांना शासनाकडून मिळणारी वीजदर सवलत तुमच्या बिलात दिसत असेल, तर बचत मोजताना दर ती वजा करूनच धरा. बाहेरून घेतलेल्या विजेला ती मिळेल असं कोणी म्हणालं, तर लेखी मागा. बहुतेक वेळा पुढचा फोन येत नाही.

माझी पद्धत जुनाट आहे. मागची बारा बिलं टेबलावर पसरायची, पेन्सिल घ्यायची, प्रत्येक बिलात कोणत्या वेळेला किती युनिट गेले ते गोल करायचं. एक्सेल येतं मला. पण एक्सेलमध्ये माणूस दुसऱ्याचा आकडा चिकटवतो आणि पुढे जातो. पेन्सिलीने रात्रपाळी दिसते. रात्री भट्टी चालवणाऱ्याने सौरवीज घेतल्याची उदाहरणं माझ्याकडे एकापेक्षा जास्त आहेत. किती वीज आली आणि किती वापरली याचा हिशेब 15 मिनिटांच्या टप्प्यांत होतो, दिवसाचे 96 टप्पे. दुपारची वीज रात्री वापरायची तर बँकिंगचे, म्हणजे जादा वीज जमा ठेवून नंतर वापरायचे, नियम आडवे येतात, आणि आता महावितरणकडेच दुपारी सवलत, संध्याकाळी जादा दर आहे. म्हणजे तुमची सौरवीज दिवसातल्या सगळ्यात स्वस्त विजेशी झुंजते.

डिमांड चार्ज, म्हणजे युनिटवर नाही तर भारावर लागणारा आकार, सुटतो असं समजू नका. वीज बाहेरची असली तरी महावितरणशी कॉन्ट्रॅक्ट डिमांड (करारात राखून ठेवलेला भार) ठेवली असेल तर तो आकार द्यावाच लागतो.

आता ग्रुप कॅप्टिव्ह, म्हणजे काही ग्राहकांनी मिळून मालकी घेतलेला वीजप्रकल्प. यावर मी लांबण लावणार, कारण यात मी एका भल्या माणसाला हात चोळत बसलेलं पाहिलं.

हिंगण्यातलं प्लॅस्टिक मोल्डिंगचं युनिट. मालक कष्टाळू, घाईचा. नियम असा: वापरणाऱ्यांनी मिळून प्रकल्पात किमान 26 टक्के मालकी घ्यायची आणि वर्षाच्या निर्मितीतली किमान 51 टक्के वीज स्वतः वापरायची. मग तो प्रकल्प 'स्वतःचा' ठरतो आणि क्रॉस सबसिडी अधिभार लागत नाही. सहा जणांचा गट होता, शेअर्स घेतले, पहिलं वर्ष झकास गेलं. त्याने मला पेढे पाठवले, सल्ला मात्र सह्या झाल्यावर विचारला होता. दुसऱ्या वर्षी गटातल्या दोघांच्या ऑर्डरी आटल्या, मशीन थंडावल्या. उरलेली वीज प्रकल्पवाल्याने दुसरीकडे विकली. मार्चअखेर बेरीज 51 च्या खाली.

ही अट चुकली की फक्त कमी वापरणाऱ्या दोघांना फटका बसत नाही. प्रकल्पाचा त्या वर्षाचा कॅप्टिव्ह दर्जाच जातो आणि अधिभार सगळ्यांच्या वर्षभराच्या युनिटवर लागतो. नोटीस घेऊन तो माझ्याकडे आला. "मी तं सूर्याची वीज घेतली नं भाऊ, सूर्य तं रोज उगवला!" करार काढला. दर्जा गेला तर भुर्दंड कोणाचा, त्या कलमात स्वच्छ लिहिलं होतं: ग्राहकाचा. पान चौदा. तो पान तीनपर्यंत वाचून थांबला होता, कारण दर तिथे होता.

तेव्हापासून मी करार शेवटच्या पानापासून वाचतो. गटातले बाकीचे कोण, त्यांच्या पाळ्या किती, दर तीन महिन्यांनी वापराची बेरीज कोण पाठवणार, हे विचारल्याशिवाय पेन उघडू देत नाही. "एवढं कोण पाहतं?" असं विचारणाऱ्याने महावितरणवरच राहावं, त्यात लाज काहीच नाही.

बाजारभावाला जोडलेला दर घेणाऱ्यांसाठी एकच उदाहरण पुरे. फेब्रुवारी 2021 मध्ये टेक्ससात कडाक्याच्या थंडीत घाऊक वीज मेगावॅट-तासाला 9,000 डॉलरवर गेली, म्हणजे युनिटला 9 डॉलर. थेट घाऊक भावाने वीज घेणाऱ्या घरांना हजारो डॉलरची बिलं आली. आपल्याकडे एक्स्चेंजवर, म्हणजे विजेच्या बाजारात, भावाला कमाल मर्यादा आहे, पण मे महिन्यातल्या संध्याकाळी भाव त्या मर्यादेला टेकतो, आणि नेमक्या तेव्हाच तुमचा चिलर गरगरत असतो.

करार मुदतीआधी सोडला तर किती भरायचं, ते रुपयांत लिहून घ्या. नियम बदलले तर वाढीव आकार कोण सोसणार, तेही.

"सोमवारी सही आहे, रविवारी बिलं पाठवतो" म्हणणाऱ्यांना मी हल्ली एकच सांगतो: रविवारी तर्री-पोहे खायला या, सही पुढच्या महिन्यात करा. अर्धे रागावतात. उरलेले येतात, पण बिलं नऊच आणतात.