डेस्कटॉप प्रोग्रॅमची रचना समजून घेताना

अप्पा बळवंत चौकातील दुकानात पुस्तकाची छापील किंमत पाहायची, सवलत विचारायची आणि किती द्यायचे ते मनात मोजायचे, ही सवय पुणेकरांना शाळेपासून असते. तोच हिशेब करणारा लहानसा डेस्कटॉप प्रोग्रॅम आपण रचू. भाषा पायथन घ्यावी, कारण विंडोजवर ती नेहमीच्या पद्धतीने इन्स्टॉल केली की विंडो तयार करण्याचे टीकिंटर हे साधन सोबतच येते.

आधी कागदावर चौकट काढावी. त्यात किंमत आणि सवलतीचा टक्का यांचे दोन रकाने, एक बटण आणि उत्तराची ओळ असावी.

त्यानंतर विंडोला हात न लावता फक्त हिशेबाचे फंक्शन, म्हणजे नाव देऊन हवे तेव्हा चालवता येणारा कोडचा तुकडा, एका स्वतंत्र फाइलमध्ये लिहावे. त्याला ४५० रुपये आणि २० टक्के दिले तर ३६० आले पाहिजेत, आणि शून्य टक्के दिले तर ४५०च. नवशिके ही पायरी हमखास गाळतात आणि सगळा हिशेब बटणामागे कोंबतात. मीही पहिल्या प्रोग्रॅममध्ये तेच केले होते. पुढे सवलतीचा नियम बदलला, तेव्हा तीन बटणांमागे दडलेले तेच सूत्र शोधण्यात माझी अख्खी संध्याकाळ गेली.

आता दुसऱ्या फाइलमध्ये विंडोकडे वळावे. मूळ विंडो आधी तयार होते आणि लेबल (मजकूर दाखवणारी ओळ), एंट्री (टाइप करण्याचा रकाना), बटण ही विजेट, म्हणजे विंडोतले घटक, तिच्यात बसवली जातात. विजेट नुसते तयार करून ते दिसत नाही, त्याला जागा द्यावी लागते. आपल्या रकान्यांसाठी ओळ आणि स्तंभ सांगणारी ग्रिड पद्धत सोयीची आहे. पॅक ही दुसरी पद्धतही आहे, परंतु एकाच चौकटीत दोन्ही मिसळल्यास टीकिंटर चूक दाखवून थांबते.

बटणाला काम जोडताना त्याच्या कमांड या पर्यायापुढे फंक्शनचे फक्त नाव लिहावे, त्यामागे कंस देऊ नये. कंस दिला तर फंक्शन विंडो उघडतानाच चालून मोकळे होते आणि नंतर कितीही क्लिक केले तरी बटण ढिम्म राहते. या फंक्शनने एंट्रीतील मजकूर घ्यावा, त्याची संख्या करावी, हिशेबाच्या फंक्शनला द्यावी आणि आलेले उत्तर लेबलवर लिहावे. गंमत म्हणजे संख्या करताना पायथन देवनागरीतील ‘४५०’ निमूटपणे स्वीकारते, पण ‘१,२५०’मधील स्वल्पविरामावर अडते. म्हणून स्वल्पविराम आधी काढून टाकावा आणि तरीही संख्या झाली नाही, तर ‘किंमत अंकांत लिहा’ असे दाखवावे.

शेवटची ओळ मेनलूपची, आणि सगळी मेख तिच्यातच आहे. साधा प्रोग्रॅम वरून खाली चालत जाऊन संपतो. हा मात्र गल्ल्यावरच्या दुकानदारासारखा बसून राहतो, क्लिक झाले किंवा कळ दाबली गेली की तेवढे काम करतो आणि पुन्हा गल्ल्यावर येतो. दुकानदार स्वतःच पुस्तक शोधायला पोटमाळ्यावर चढला, तर गिऱ्हाईक ताटकळते. बटणाच्या फंक्शनमध्ये मुद्दाम दहा सेकंदांचा स्लीप, म्हणजे नुसते थांबून राहण्याची आज्ञा, घालून पाहावे: तेवढा वेळ विंडो गोठते आणि मध्येच क्लिक केल्यास विंडोज शीर्षकपट्टीवर ‘नॉट रिस्पॉन्डिंग’ लिहिते. वेळखाऊ काम वेगळ्या थ्रेडकडे, म्हणजे त्याच प्रोग्रॅममध्ये समांतर चालणाऱ्या धाग्याकडे, सोपवतात. आपल्या हिशेबाला त्याची गरज नाही.

खरेदीची नोंद ठेवायची असल्यास पायथनसोबत येणारा एसक्यूलाइट हा छोटा डेटाबेस पुरेसा आहे, पण तो कोड तिसऱ्या फाइलमध्ये ठेवावा. मग विंडोची फाइल बाजूला काढून हिशेबाची फाइल एकटी चालवून पाहावी. ४५० आणि २० दिल्यावर ३६० आले, तर भाग खरोखर वेगळे झाले आहेत; चूक आली, तर हिशेबात कुठेतरी एंट्रीचे नाव शिरलेले असण्याची दाट शक्यता आहे, ते आधी शोधावे.