झॅमलमध्ये 'नेमस्पेस सापडत नाही' आलं तर

समजा मोंढ्यातल्या आडतीसाठी हिशोबपट्टीचं डब्ल्यूपीएफ (विंडोजवरच्या खिडक्यांची ॲप बनवायची मायक्रोसॉफ्टची चौकट) ॲप आहे आणि वजनाचा चौकोन वेगळ्या लायब्ररीत ठेवलाय. खिडकीच्या झॅमलमध्ये (खिडकीची मांडणी लिहिलेल्या फाइलमध्ये) त्या चौकोनाच्या टॅगखाली निळी नागमोडी रेघ आली, की आधी एक्सएमएलएनएसची ओळ वाचा; टॅगचा क्लास कुठे शोधायचा ते ती सांगते. 'सीएलआर-नेमस्पेस:' नंतर नेमस्पेस (क्लासच्या गटाचं नाव), मग अर्धविराम, मग 'असेंब्ली=' आणि असेंब्लीचं, म्हणजे बिल्ड होऊन बनलेल्या फाइलचं, नाव. इथेच बहुतेक जण फसतात: नेमस्पेसचंच नाव असेंब्लीलाही देतात. खरं नाव प्रोजेक्टच्या प्रॉपर्टीजमध्ये बघा. शेवटी डॉट डीएलएल लावू नका. क्लास त्याच प्रोजेक्टमधला असेल तर असेंब्लीचा भाग काढूनच टाका.

ओळ बरोबर असूनही रेघ हटत नसेल, तर रेफरन्सेसमध्ये पिवळा त्रिकोण आहे का पाहा. लायब्ररी ॲपपेक्षा नव्या फ्रेमवर्कवर बांधली असेल तर रेफरन्स दिसतो, पण बिल्ड तो धरत नाही. क्लास पब्लिक हवा, हेही विसरलं जातं.

पॅकेज हरवलं असेल तर नुगेट (तयार पॅकेजं आणून देणारी सोय) रिस्टोअर करा. तालुक्याच्या दुकानात नेट रडतंच. एनयूपीकेजी (पॅकेजच्या) फाइली, त्या ज्यांवर अवलंबून आहेत त्यांच्यासकट, पेनड्राइव्हवरून एका फोल्डरात टाका आणि तो फोल्डर पॅकेज सोर्स म्हणून जोडा.

नुसतं डिझायनरच कुरकुरत असेल आणि बिल्ड होत असेल, तर व्हिज्युअल स्टुडिओ बंद करून बिन, ओबीजे आणि लपलेलं डॉट व्हीएस फोल्डर उडवा, पुन्हा उघडून रीबिल्ड करा.