गिअरबॉक्सची गळती शोधताना: आयटीआयमधून गॅरेजात येणाऱ्या मुलामुलींसाठी

ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेचं पाणी कोल्हापुरात शिरलं. ते ओसरल्यावर गावातल्या गॅरेजांसमोर चिखलाने माखलेल्या गाड्या उभ्या राहिल्या. आयटीआयचा मोटर मेकॅनिकचा दोन वर्षांचा कोर्स आणि अ‍ॅप्रेंटिसशिप उरकून मी तेव्हा नुकताच उद्यमनगरातल्या एका गॅरेजात लागलो होतो. त्या गर्दीत आलेल्या गाड्या मला आता आठवत नाहीत. आठवते ती दिवाळीनंतर आलेली एक पेट्रोल हॅचबॅक. पुरात ती दारापर्यंत पाण्यात होती. इंजिनचं काम दुसरीकडे झालं होतं आणि आता तिच्याखाली रोज सकाळी ताटलीएवढा डाग पडत होता.

मालक शाळेत शिक्षक होते. मी गाडीखाली गेलो, डाव्या ड्राइव्ह शाफ्टच्या, म्हणजे गिअरबॉक्सकडून चाक फिरवणाऱ्या दांड्याच्या, मुळाशी ओलं दिसलं, आणि पाच मिनिटांत बाहेर येऊन सांगितलं, “सर, ऑईल सील गेलंय. संध्याकाळपर्यंत गाडी देतो.” शाफ्ट काढला, नवीन सील, म्हणजे शाफ्टभोवती तेल अडवणारी रबरी कडी, बसवलं, तेल भरलं. आठ दिवसांनी सर परत आले. डाग तसाच होता, आणि आता उजवी बाजूही ओली होती.

आमच्या मिस्तरींनी मला बाजूला घेतलं. “सील कुठलं गेलं ते सांगितलंस. का गेलं ते सांग.” मला सांगता आलं नाही. पुढचे दोन दिवस त्यांनी त्या एका गाडीवर मला जे शिकवलं, ते तुम्हाला पहिल्या महिन्यातच माहीत असावं म्हणून हे लिहितोय.

पाना हातात घेण्याआधी गळतंय ते काय आहे हे ठरवा. गाडीखाली रात्रभर कोरा पुठ्ठा ठेवा आणि त्यावर पुढच्या चाकांच्या जागा पेनने मारून ठेवा, म्हणजे डाग कुठल्या बाजूचा ते सकाळी कळतं. डागातलं तेल दोन बोटांत घेऊन घासा, मग वास घ्या. इंजिन ऑईल वापरून काळं पडलेलं असतं आणि त्याला जळकट वास येतो. मॅन्युअल गिअरबॉक्सचं तेल चिकट, मधासारखं, आणि त्याला गंधकाचा उग्र वास असतो. गिअरचे दात एकमेकांवर घासून झिजू नयेत म्हणून त्यात गंधकाची रसायनं घातलेली असतात, त्यांचा तो वास. एकदा नाकात बसला की विसरत नाही, कपड्यांनाही दोन दिवस येतो. कूलंट हिरवा किंवा गुलाबी असतो, पाण्यासारखा पातळ. तो चाखून बघायची सवय काही जुन्या लोकांना आहे. तुम्ही ती लावून घेऊ नका, तो विषारी असतो.

फसवतं ते ब्रेक ऑईल. हायड्रॉलिक क्लच, म्हणजे ब्रेक ऑईलच्या दाबावर चालणारा क्लच असलेल्या काही गाड्यांत क्लचचा सिलिंडर बेल हाउसिंगच्या, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधल्या, क्लच झाकणाऱ्या घराच्या आत बसवलेला असतो. तो गळला की थेंब बरोबर इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्यातून पडतो आणि सगळे म्हणतात गिअरबॉक्स गळतोय. अशा वेळी बाटलीच्या झाकणात पाणी घ्या आणि त्यात एक थेंब सोडा. इंजिनचं किंवा गिअरबॉक्सचं तेल असेल तर वर तरंगेल. ब्रेक ऑईल असेल तर पाण्यात मिसळून जाईल. मग बॉनेट उघडून ब्रेक ऑईलच्या डब्याची पातळी बघा, ती उतरलेली सापडेल. या एका थेंबाने मी नंतर दोनदा गिअरबॉक्सवर उगाच ठपका यायचा वाचवलाय.

सरांच्या गाडीचं तेल गिअरबॉक्सचंच होतं. वास तोच. पण रंग दुधाळ, बासुंदीसारखा. आणि हे मी पहिल्या वेळी शाफ्ट काढताना डोळ्यांनी पाहिलं होतं. ट्रेमध्ये पडलेलं ते तेल डब्यात ओतून बाजूला ठेवलं, नवीन भरलं, आणि ‘असं का’ हा प्रश्न मला पडलाच नाही. तेल दुधाळ दिसतं ते त्यात पाणी घुसळलं गेलं की. गिअरबॉक्समध्ये पाणी शिरायला वाट लागते, आणि ती वाट शोधणं हे माझं पहिलं काम होतं.

मिस्तरींनी आधी गिअरबॉक्स धुवायला लावला. रॉकेल, ब्रश, मग पाणी, मग हवा मारून पूर्ण कोरडा. मला ते वेळ घालवणं वाटलं होतं. पण गाडी चालताना वारा तेलाला मागे ढकलतो आणि वजनाने ते खाली उतरतं, त्यामुळे थेंब पडतो ती जागा क्वचितच गळतीची असते. ड्रेन प्लगवर, म्हणजे तेल सोडायच्या तळाच्या बोल्टवर, लटकलेला थेंब बहुतेक वेळा वरून कुठून तरी आलेला असतो. तुम्हाला शोधायची आहे ती सगळ्यात वरची आणि सगळ्यात पुढची ओली जागा. धुतलेल्या अंगावर ती चटकन सापडते. धुळीने माखलेल्या गिअरबॉक्सवर सगळंच ओलं दिसतं. कोरड्या झालेल्या भागावर थोडी टाल्कम पावडर उडवा, वीस किलोमीटर गाडी फिरवा, परत रॅम्पवर घ्या. पांढऱ्यावर तेलाची रेघ उमटते आणि तिचं वरचं टोक म्हणजे उगम. डाय टाकून अल्ट्राव्हायोलेट टॉर्चने बघायची पद्धतही चांगली आहे, पण पावडरीचा डबा प्रत्येक गल्लीत मिळतो.

गाडीखाली जायच्या आधी एक. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली डोकं घालायचं नाही, कितीही घाई असली तरी. रॅम्प नसेल तर दोन्ही बाजूंना स्टँड लावा, मागच्या चाकांना ठोकळे लावा, हलवून बघा, मगच आत जा. आणि सायलेन्सरचा पाइप थंड होऊ द्या.

पुढच्या चाकांना ताकद देणाऱ्या गाडीत गळतीच्या जागा मोजक्याच असतात. दोन्ही ड्राइव्ह शाफ्टची सीलं, गिअर सिलेक्टरच्या शाफ्टचं सील, ड्रेन आणि फिलर (तेल भरायच्या भोकाच्या) प्लगचे वॉशर, केसिंगचा जोड, आणि बेल हाउसिंगच्या आत इनपुट शाफ्टचं सील. बेल हाउसिंगच्या तळातून तेल येत असेल तर नीट वास घ्या, कारण तिथेच इंजिनच्या क्रँकचं मागचं सीलही असतं. दोन्हीसाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो, पण ग्राहकाला आधीच कळायला हवं की कुठल्या सीलचं बिल येणार आहे. शाफ्टच्या आतल्या रबरी बुटाला चीर गेली असेल तर ग्रीस गोल फिरून आजूबाजूला उडतं, तेही लांबून गळतीच वाटतं. बोटावर घेतलं की कळतं, ग्रीस ओघळत नाही.

सील बदलायचंच असेल तर शाफ्ट बाहेर आल्यावर सीलची ओठळी, म्हणजे आतली रबरी कड, जिथे घासते त्या जागेवरून नख फिरवा. नख अडकलं तर तिथे खाच पडलीय आणि नवीन सील फार दिवस टिकणार नाही. काढण्याआधी शाफ्ट मुळाशी धरून वरखाली हलवून बघा. जास्त खेळ असेल तर आतलं बेअरिंग बघावं लागेल. नवीन सीलच्या ओठळीला तेल लावा, सील सगळीकडून सारखं ठोका, आणि शाफ्ट परत घालताना स्प्लाइनचे, म्हणजे शाफ्टच्या टोकावरचे, दात ओठळीला लागू देऊ नका. हे सगळं मी पहिल्या वेळी नीट केलं होतं. काम चांगलं होतं, निदान चुकलं होतं.

आता पावडरीवर दोन रेघा उमटल्या, डावीकडे एक आणि उजवीकडे एक. दोन सीलं आठवड्याच्या अंतराने गळायला लागतात तेव्हा सीलाचा दोष बाजूला ठेवून दाबाचा विचार करायचा, हे मिस्तरींनी तिथे सांगितलं. गाडी नुकतीच फिरून आली होती. त्यांनी मला हातमोजे घालून फिलर प्लग हळूहळू ढिला करायला लावला. शेवटच्या आट्याला आतून ‘फुस्स’ आवाज आला, प्रेशर कुकरची शिट्टी उचलावी तसा.

गिअरबॉक्सच्या डोक्यावर एक छोटी नळी असते, ब्रीदर. तेल तापलं की आतली हवा फुगते आणि त्या नळीतून बाहेर पडते. या गाडीत ती बॅटरीच्या ट्रेखाली होती. ट्रे काढला तर ब्रीदरच्या टोपीत पंचगंगेचा गाळ वाळून विटेसारखा घट्ट बसला होता. पुराचं पाणी त्याच वाटेने आत गेलं, मागे गाळ ठेवून गेलं, आणि तीन महिने प्रत्येक फेरीत आतली हवा सीलांमधून वाट काढत राहिली. मी सुईने तो गाळ टोकरून काढला. बाहेर आला तो हरभऱ्याच्या दाण्याएवढा.

ब्रीदर साफ केला, तेल दोनदा बदलून आतला दुधाळपणा घालवला, दोन्ही सीलं नवीन टाकली. तेल बदलताना आधी फिलर प्लग उघडा आणि मगच ड्रेन. फिलर जाम निघाला तर निदान गाडी तेलाशिवाय अडकून पडत नाही. गाडी सपाट हवी, आणि तेल फिलरच्या भोकाच्या खालच्या कडेपर्यंत आलं की थांबायचं. जास्त भरलेलं तेलही गळतीच करतं. बहुतेक मॅन्युअल गाड्यांत या तेलाला डिपस्टिक नाही आणि डॅशबोर्डवर दिवाही नाही. लहान गाडीत सगळं मिळून दोनेक लिटर असतं, त्यातलं अर्धं कधी गेलं हे मालकाला कळत नाही. म्हणून डाग घेऊन आलेल्या माणसाला ‘थोडंफार चालतं’ म्हणून परत पाठवू नका. नुसती ओल असेल तर तसं सांगा आणि पुढच्या सर्व्हिसला बघा, पण थेंब पडत असेल तर पातळी तपासल्याशिवाय गाडी सोडू नका.

ऑटोमॅटिकचं थोडक्यात सांगतो. टॉर्क कन्व्हर्टरच्या, म्हणजे क्लचऐवजी तेलातून ताकद पुढे देणाऱ्या, गाडीतलं तेल बहुधा लाल असतं, जुनं झालं की तपकिरी होतं, आणि जळका वास आला तर आतल्या क्लच प्लेटा तापल्यात. जुन्या पॉवर स्टिअरिंगमध्येही बऱ्याचदा हेच तेल असतं, म्हणून लाल डाग दिसला की स्टिअरिंगचा डबाही बघा. सीव्हीटीचं, म्हणजे ठरावीक गिअरांऐवजी पट्टा आणि पुलीवर चालणाऱ्या ऑटोमॅटिकचं, तेल वेगळ्या रंगाचं असू शकतं. एएमटी गाडीला लोक ऑटोमॅटिक म्हणतात, पण तिचा गिअरबॉक्स मॅन्युअलचाच असतो, फक्त क्लच आणि गिअर यंत्र बदलतं, त्यामुळे तिथे वास गंधकाचाच येणार. काही गाड्यांत तेल थंड करणारा कूलर रेडिएटरच्या आत असतो. तो आतून फुटला तर जमिनीवर एक थेंब पडत नाही, पण कूलंट आणि तेल एकमेकांत मिसळून गुलाबी, दाट होतं. आणि ऑटोमॅटिकची पातळी अंदाजाने भरू नका. बहुतेक गाड्यांत ती इंजिन चालू असताना, ठरलेल्या तापमानाला बघतात, पण त्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये लिहिलंय तशीच तपासा.

सरांकडून दुसऱ्या वेळी डाव्या सीलची मजुरी घेतली नाही, ते मिस्तरींनी ठरवलं. पाचशे किलोमीटरनंतर परत या, असं मी सांगितलं होतं. ते एका रविवारी आले, सोबत आदल्या रात्री गाडीखाली ठेवलेला पुठ्ठा घेऊन. मी तो उजेडात धरला. चाकांच्या पेनच्या खुणा होत्या, बाकी कोरा होता. तरी मी गाडी रॅम्पवर घेतली आणि ब्रीदरवर बोट फिरवून बघितलं.