लिव्हर अडला तर रायफल पुसायला घेऊ नका

माझा भाचा अमेरिकेत, मोंटानाला असतो. त्याच्याकडे मार्लिन 336 आहे, म्हणजे ट्रिगरभोवतीचा लिव्हर खालीवर करून भरायची रायफल, थर्टी-थर्टी काडतुसाची, आणि वापरलेल्या पुंगळ्यांत नवी दारू-गोळी घालून काडतुसं तो घरीच भरतो. तिकडे स्वतःपुरती भरायला परवाना लागत नाही. आपल्याकडे 1959 च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय काडतूस बनवता येत नाही, त्यामुळे ठाण्यात बसून या विषयावर बोलायला फारसं कुणी भेटत नाही. पण माझी नोकरीची वर्षं अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत, काडतुसांच्या पितळेवर काम करण्यात गेली. म्हणून एका बाराचा धक्का जास्त लागला आणि लिव्हर अडला, तेव्हा पठ्ठ्याने फोन मला लावला. गनस्मिथकडे, म्हणजे बंदुका दुरुस्त करणाऱ्याकडे, नेण्याआधी काय करून ठेवायचं, ते त्याला सांगितलं तसंच इथे लिहितो.

आधी गोळीबार बंद. ‘एक मारून बघू’ हा आपला जुना रोग. इथे फॅक्टरीचं काडतूससुद्धा मारून बघायचं नाही. नळी सुरक्षित दिशेला ठेवून लिव्हर हाताच्या साध्या जोराने उघडतो का बघावं. हातोडी अजिबात नाही. नाहीच उघडला तर गनस्मिथला आधी फोन करून सांगायचं की आत काडतुसं आहेत, आणि तो म्हणेल तसं करायचं. उघडला तर नळीखालचं मॅगझिन पूर्ण रिकामं करायचं, चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं तिथे) बॅटरीचा उजेड टाकून बघायचं आणि बोटही घालून बघायचं.

आता पुंगळी, म्हणजे बार उडाल्यावर उरलेलं पितळी कवच. खरी साक्ष तिचीच, म्हणून ती पुसायची नाही. प्रायमर म्हणजे बुडातली, पिन आपटली की पेटणारी टिकली; तिच्याभोवतीची काजळीही राहू द्यायची. प्रायमर चपटा झालाय का, त्याला भोक पडलंय का, बुडावर धातूचे ओरखडे आहेत का, हे भिंगाखाली बघावं. मात्र प्रायमर ठीक दिसला म्हणून हुश्श करू नये. थर्टी-थर्टीची दाबाची कमाल मर्यादा 42,000 पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड), 308 विंचेस्टर या जास्त जोरकस काडतुसाची 62,000, आणि प्रायमर दोन्हींत त्याच मापाचा. म्हणजे तो चपटा दिसेपर्यंत या रायफलच्या दृष्टीने दाब कधीच हाताबाहेर गेलेला असू शकतो. त्यापेक्षा प्रायमरचा खळगा तपासा: नवा प्रायमर विनासायास आत सरकला तर बूड फुगलंय. त्याच लॉटच्या, नीट उडालेल्या पुंगळ्यांशी मायक्रोमीटरने तुलनाही करा. बुडाच्या जरा वर चकचकीत कडं दिसलं तर पेपरक्लिपचं टोक वाकवून आतून फिरवावं. खाच लागली तर पुंगळी तिथे तुटायच्या बेतात होती. मार्लिनचा बोल्ट, म्हणजे काडतुसाला मागून टेकणारा पोलादी ठोकळा, मागच्या बाजूला लॉक होतो, त्यामुळे पितळ ताणलं जातंच. ही पुंगळी आधी किती वेळा भरली होती तेही आठवून लिहून ठेवावं.

मग पोलाद. लिव्हरचा स्क्रू काढला की लिव्हर आणि बोल्ट बाहेर येतात. पुंगळी बाहेर फेकणारा इजेक्टर सुटा असतो, तो टपकन पडून हरवतो, तेव्हा खाली फडकं अंथरा. नळीतून आरपार बघा, आत काही अडकलंय का. मग सळईवर घट्ट चिंधी लावून सावकाश ढकला. मध्येच सैल जागा लागली तर नळी तिथे फुगली आहे. बोल्टच्या तोंडावर, फायरिंग पिनच्या भोकापाशी, वायूने खाल्लेले खड्डे दिसतात का बघा. बोल्टला अडवून धरणाऱ्या लॉकिंग बोल्टच्या कडा, रिसीव्हरचे (हे सगळं ज्यात बसतं त्या पोलादी सांगाड्याचे) कोपरे, दस्त्यात शिरणाऱ्या पोलादी पट्टीमागचं (टँगमागचं) लाकूड, इथे चिरा शोधायच्या. केसाएवढी चीर डोळ्यांना दिसत नाही. त्यासाठी डीपी टेस्ट असते, लाल रंग लावून पुसायचा आणि वर पांढरी पावडर. ती आणि हेडस्पेसची, म्हणजे बंद बोल्ट आणि काडतूस यांच्यातल्या जागेची, गेज तपासणी गनस्मिथवर सोडा.

उरलेली काडतुसं फेकू नका, मारूही नका. पुलरने (गोळी उपसायच्या अवजाराने) गोळ्या काढून प्रत्येकातली दारू ग्रेन या बारीक वजनाच्या मापात तोला, गोळी 150 ग्रेनची की 170 ची ते बघा, पुंगळीची लांबी 2.039 इंचांच्या वर गेलीय का मोजा. दारूचा डबा तोच होता ना, लेबल वाचून खात्री करा. काट्यावर वजनं ठेवून काटाही तपासा.

गनस्मिथकडे जाताना ती पुंगळी वेगळ्या पिशवीत, आकड्यांचा कागद सोबत, आणि रायफल रिकामी, बोल्ट उघडा.